सुपारीच्या डबीत

हार्ड डिस्कच्या मागच्या बाजूला बारीक पिनांच्या दोन ओळी असतात. त्यातल्या एका जोडीवर जेमतेम पाच मिलिमीटरची प्लास्टिकची टोपी बसते. तिला जंपर म्हणतात. ती नसली, की आमच्या मशीनला डिस्क दिसत नाही. त्या सकाळी ती नव्हती. पडदा काळा, आणि वर एकच पांढरी ओळ : ड्राइव्ह सापडत नाही.

"शास्त्रज्ञबाई, सुरू झालं का डबडं?" सासरे, प्रभाकरराव, गल्ल्यावरून ओरडले.

कारंज्याला बसस्टँडसमोर आमचं लग्नपत्रिकांचं दुकान होतं. रूपराव स्टुलावर बसले होते. त्यांच्या मुलीची पत्रिका डिस्कमध्ये अडकलेली. रस्त्यापलीकडे नऊची वर्धा गाडी लागली होती. बारा वाजता तिथल्या कॉलेजात माझी मुलाखत होती; पुढच्या गाडीनं पोचायला उशीर झाला असता. पुढच्या महिन्यात मी वयाच्या अटीबाहेर जाणार होते.

"जंपर आपोआप पडत नाही," मी म्हणाले.

"मालच तसा असते," माझा नवरा प्रफुल म्हणाला. "इंटरव्ह्यू काय, पुन्हा येईल. पह्यले याहिचं काम कर."

"एमेस्सी हाय म्हणते," सासरे रूपरावांना म्हणाले, "पण पाय पांढरे. हिची गाडी लागली का मशीन बसलीच समजा."

रूपराव हसले.

बोलणं खोटं नव्हतं. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी मूळची पांढरी टोपी गेली. मोडक्या सीडी ड्राइव्हची काळी काढून बसवेपर्यंत गाडी गेली होती. दुसऱ्या मुलाखतीला काळी गेली. मग मी निळी बसवली. पंख्याची थरथर, सैल पकड, अशी कारणं मी वहीत लिहून ठेवली होती. कोणीतरी मुद्दाम काढतं, हे वाक्य सहा वर्षं तोंडात धरून होते. पुरावा नव्हता म्हणून बोलले नव्हते.

समोरची गाडी सुटली.

"पाहुण्याले सुपारी तं दे," सासरे म्हणाले.

टेबलावर प्रफुलची डबी होती. तो हात पुढे करेपर्यंत मी ती उघडून रूपरावांपुढे धरली होती.

"हे कोणती सुपारी वं, पोरी?" त्यांनी विचारलं.

खांडांमध्ये तीन टोप्या होत्या. पांढरी, काळी, निळी.

सासरे पोट धरून हसले. "काबे प्रफुल, दुसऱ्या डबीत ठेव म्हणलं होतं ना तुले!"

"गंमत केली वं," प्रफुल म्हणाला. "आता बसव ते. तसंही गाडी गेली तुही."

मी डबी त्याच्या हातात दिली. खुर्चीवरची फाइल उचलली.

"तूच बसव," मी म्हणाले. "साडेनऊच्या गाडीनं चालली मी. नोकरी भेटो का नाई भेटो, या घरात वापस येत नाई."