उशिरा आलेली ओवी

हिर्डोशीत कुणाच्या घरी लग्नाची हळद दळायची असली की बायका आधी धोंडाबाईला बोलावत. तिने जात्याचा खुंटा धरला की ओवी आपोआप यायची; त्या घरच्या आईची, लेकीची, नव्या बांधलेल्या गोठ्याचीसुद्धा. त्यासाठी कधी अडून बसावं लागलं, असं तिला आठवत नव्हतं. भोरला संस्थानचा कारभार होता तेव्हाची ही गोष्ट.

जात्याच्या पलीकडे बहुतेक वेळा अंबूबाई असे. दोघी शेजारणी, एकाच वर्षी लग्न होऊन गावात आलेल्या. अंबूबाई तापाने गेली आणि धोंडाबाई मुक्यानेच दळू लागली.

चैत्रात अंबूबाईच्या मुलीचं, बनाचं लग्न ठरलं. सासर वेल्ह्याचं. बना येऊन धोंडाबाईच्या चुलीपाशी बसली.

"मावशी, हळदीला आईची एक ओवी म्हन. घरात तिचं नाव कुनी काडत न्हाई. म्या काडलं तर बा उठून भाईर जातो."

"म्हनंन की," धोंडाबाई म्हणाली.

पण ओवी येईना. अंबू गुणाची होती, मायेची होती, असं काहीबाही जुळायचं; पण ते गावातल्या कुठल्याही बाईला लागू पडलं असतं. धोंडाबाई ते सोडून द्यायची. दोघी धुणं धुवायच्या त्या नदीकाठच्या दगडावर जाऊन बसली. तिथंही काही सुचलं नाही.

"एकादी जुनीच म्हन," तिचा नवरा ज्ञानू म्हणाला. "कुनाला कळतंय?"

"बनाला कळंल."

हळदीच्या दिवशी जात्याला कुंकू लावलं, हळकुंडं घातली आणि बायका ओवीची वाट बघू लागल्या. धोंडाबाईने थोडे फेरे ओढले. मग हात थांबवून ती बनाला म्हणाली, "न्हाई आली, बाय. उगं कायतरी म्हनून तुज्या आईला वाटंला लावायची न्हाई मला."

बनाने मान खाली घातली. दुसऱ्या बायकांनी आपापल्या ओव्या म्हटल्या, लग्न पार पडलं आणि बना बैलगाडीत बसून गेली.

धोंडाबाईला वाईट वाटलं, पण तिने मनाला ताण देणं सोडलं. पहाटे दळताना ती मधूनच हात हलका करायची, काही येतंय का बघायची, आणि पुन्हा ओढू लागायची. पावसाळा असाच गेला. भात कापून झालं.

एका दुपारी ती ठकुबाईकडे विरजण मागायला गेली. "जाते गं," म्हणून अंगणात उतरली, तोच एक बोलायचं राहिलं म्हणून परत वळली आणि उंबऱ्याशी उभी राहून बोलू लागली. बोलता बोलता ती मध्येच थांबली. हे तर अंबूचं. जाते म्हणायची आणि दारातून पुन्हा पुन्हा माघारी यायची. तिकडे तव्यावर भाकरी करपायची.

"काय झालं गं?" ठकुबाईने विचारलं.

धोंडाबाई तशीच घराकडे निघाली. ओवीच्या दोन्ही ओळी तिच्या तोंडात आल्या होत्या.

घरी येऊन तिने ज्ञानूला सांगितलं, "मला वेल्ह्याला जायाचंय."

"ओवीसाटी?"

"व्हय."

त्याने खळ्याकडे बघितलं. "नाचनी मळून झाली की जाऊ," म्हणाला.

डोंगर ओलांडत, वाटेत एक मुक्काम करून, दोघं वेल्ह्याला पोचली तेव्हा बना तांदळाचं पीठ दळत होती. सासूने गूळपाणी दिलं. ते पिऊन धोंडाबाई बनासमोर बसली आणि तिने खुंटा धरला.

जाते म्हनून गेली, फिरून दारात उबी ऱ्हाई
अंबू माज्या सईचं गं, बोलनं सरत न्हाई

बनाचा हात थांबला. आधी तिला हसू आलं, मग डोळे भरले.

"अश्शीच हुती," ती म्हणाली. "मावशी, पुन्ना म्हन."

धोंडाबाईने पुन्हा म्हटली. सासू जवळ येऊन बसली. "अंबू म्हंजी तुजी आई व्हय गं?" तिने विचारलं. आणि बना सांगू लागली. सासरी आल्यापासून ती एवढं बोलली नव्हती. सुपातले तांदूळ तसेच राहिले, सासूनेही घाई केली नाही.

परतताना खिंडीत दोघं भाकरी खायला टेकली.

"आता पयल्यावानी येत्याल न्हवं ओव्या?" ज्ञानूने विचारलं.

"काय ठावं," धोंडाबाई म्हणाली. तिने भाकरी मोडून अर्धी त्याच्या हातावर ठेवली आणि समोरच्या भात कापलेल्या खाचरांकडे बघत सावकाश खाऊ लागली.