मधला आकडा

माझी नणंद पस्तिशीच्या पुढे गेली तरी घरात सगळे तिला अजून छकूच म्हणतात. लहानपणी तापाने तिची दृष्टी गेली. मी लग्न होऊन या घरात आले, तेव्हा तिने माझा हात हातात घेतला, बोटं चाचपली आणि म्हणाली, "वहिनी, तुम्ही शिवता वाटतं? सुईचे घट्टे आहेत." तेव्हापासून आमचं जे जमलं ते जमलंच.

मागच्या खोलीत आमची दोन टेबलं शेजारी शेजारी आहेत. एकावर माझं शिलाई मशीन. मी पडदे शिवते. दुसऱ्यावर तिचा लॅपटॉप. डॉक्टर लोक पेशंटबद्दल बोलून ठेवायचे आणि छकू ते ऐकून टाइप करून द्यायची. स्क्रीनवर जे असेल ते लॅपटॉप तिला वाचून दाखवतो, पण इतक्या झपाट्याने की मला तो नुसता भुंगा वाटतो. यात शब्द आहेत यावर माझा पहिले कित्येक महिने विश्वासच नव्हता.

मग डॉक्टरांचं बोलणं मशीनच लिहायला लागलं आणि छकूचं काम गेलं. ती रडली नाही, की कुणावर चिडली नाही. फक्त भुंगा गप्प झाला. माझं मशीन एकटंच घरघरत राहायचं आणि मला त्याचं अपराध्यासारखं वाटायचं.

एका सकाळी भुंगा पुन्हा सुरू झाला.

"काय करतेस गं?" मी विचारलं.

"शिकतेय. हॅकिंग."

माझा पाय मशीनवरच थांबला. "अगं बाई! पोलीस येतील दारात."

"कशाला येतील? ज्यांची कुलपं आहेत तेच म्हणतायत, या, फोडा."

मग तिने मला नीट सांगितलं. जगभरातल्या लोकांनी खास शिकणाऱ्यांसाठी वेबसाइट बांधून ठेवल्या आहेत. खोटी बँक, खोटं दुकान, खोटी टपालपेटी. त्यांत मुद्दाम भोकं ठेवलेली. एक कुलूप उघडलं की आत पुढच्याची किल्ली. सोबत धडे आहेत, व्हिडिओ आहेत, आणि अडलं तर विचारायला एक चावडी आहे, तिथे कोण कुठला अनोळखी माणूस बसून उत्तरं देतो.

"फुकट?"

"फुकट."

"मग त्यांना काय मिळतं?"

"मी पण तोच विचार करतेय, वहिनी."

पहिल्या कुलपाच्या पानावर म्हणे एवढंच लिहिलं होतं, 'इथे काही नाही.' "तुमच्या पडद्याला उलटी बाजू असते ना," छकू म्हणाली, "तशी प्रत्येक पानाला असते. सुलटी बाजू सगळे बघतात." तिने माझ्यासाठी आवाजाची गती कमी केली आणि उलटी बाजू वाचायला लावली. आधी नुसती चिन्हं आणि कंस. शिवणीचे दोरे म्हणा ना. आणि मग मध्येच आवाज स्वच्छ म्हणाला, 'पासवर्ड इथे ठेवला आहे. कुणी बघत नाही ना?'

खोलीत आम्ही दोघीच होतो, तरी तिसरं कुणीतरी येऊन कानाशी बोलल्यासारखं झालं.

त्यानंतर मला त्याचं वेडच लागलं. हातातला पडदा पुरा झाला की मी विचारायची, "कुठवर आलीस?" एका कुलपाशी ती अडली, कारण तिथे नुसती चित्रं होती आणि चित्र तिच्या लॅपटॉपला वाचता येत नाही. मी बघून सांगितलं, "एक दार आहे. दारावर कावळा." तिने ते सोडवलं, पण शिवाय चावडीवर लिहिलं, 'मला दिसत नाही. चित्रांना शब्द जोडाल का?'

उत्तर आलं, 'माझ्या डोक्यातच आलं नाही. थोडं थांब.' लिहिणारा कुठल्या देशातला, बाई की बुवा, काही कळायला मार्ग नव्हता. काही दिवसांनी छकू सहज त्या पानावर परत गेली, तर आवाज म्हणाला, 'बंद दार. वर एक कावळा. कावळ्याला काही माहीत नाही.' मी खो खो हसले. ती पुढच्या पानावर गेली, मग त्याच्या पुढच्या. प्रत्येक चित्राला शब्द जोडलेले होते. एका बाईसाठी. जिला त्याने कधी पाहिलं नाही, आणि जी त्याला कधी पाहणार नाही.

अशात माझी आणि नवऱ्याची रक्ततपासणी झाली. दर वर्षी करतो तशी. लॅबने रिपोर्टची लिंक आणि पासवर्ड फोनवर पाठवला. छकू म्हणाली, "आणा, मी वाचून दाखवते." तिने माझ्या पासवर्डने रिपोर्ट उघडला. तिचा लॅपटॉप पानाचा पत्तासुद्धा अख्खा वाचतो. तो वाचता वाचता ती एकदम थांबली.

"वहिनी, शेवटचा आकडा ऐका. हा तुमच्या रिपोर्टचा नंबर आहे. उघडाच ठेवलाय, पत्त्यात."

"मग?"

"हे कुलूप मी उघडलंय. त्या खोट्या दुकानात." तिने मान वळवून हाक मारली, "दादा! तुझा रिपोर्ट वहिनींच्या पासवर्डने उघडतो का बघू?"

"बघ की," नवरा बाहेरच्या खोलीतून म्हणाला. "माझी साखर वाढलीये हे अख्ख्या जगाला माहीत आहे."

त्याच्या फोनवर आलेल्या लिंकमधला नंबर माझ्या नंबरापासून दुसरा होता. छकूने माझा आकडा खोडून त्याचा टाकला आणि बटण दाबलं. आवाजाने माझ्या नवऱ्याचं नाव वाचलं, वय वाचलं, साखर वाचली. तो हसत हसत दारात आला होता. त्याचं हसू तिथेच विरलं.

"म्हणजे माझा रिपोर्ट कुणालाही दिसेल?"

"सगळ्यांचा सगळ्यांना दिसेल, दादा."

आमच्या दोघांच्या मधे एक नंबर होता. तो कुणाचा ते मला ठाऊक होतं. रांगेत एका बाईला मी माझ्यामागे जागा दिली होती, कारण तिला कामावर परतायची घाई होती. डॉक्टरांची चिठ्ठी तिने मुठीत इतकी घट्ट धरली होती की कागदाचा पार चोळामोळा झाला होता. काय झालं असेल तिला, हे दोन दिवस माझ्या मनात घोळत होतं.

"मधला उघड ना," मी म्हणाले. "नुसतं खात्रीला."

छकूचं बोट बटणावर होतं. तिने दोन्ही हात उचलून मागे घेतले.

"ते दार आपलं नाही, वहिनी. प्रत्येक धड्याच्या पहिल्या पानावर हेच लिहिलेलं असतं. बोलावलं असेल तिथेच जायचं. मी ते दर वेळी पटकन पुढे ढकलायची." तिचा आवाज बारीक झाला होता. "एका आकड्याचं अंतर आहे, वहिनी. तेवढंच."

मला त्या आकड्यांची रांग डोळ्यांपुढे दिसायला लागली. एकामागे एक, लांबच लांब, आणि प्रत्येकाच्या मागे मूठ आवळून उभं असलेलं एक माणूस. मी देवळात जितकी गप्प असते त्याहून जास्त गप्प होते त्या वेळी.

छकूने लॅबला फोन लावला.

"रिपोर्ट उघडत नाहीये का?" तिकडची मुलगी म्हणाली.

"उघडतोय," छकू म्हणाली. "तोच तर त्रास आहे."

दुसऱ्या दिवशी आम्ही लॅबच्या डॉक्टरीणबाईंसमोर बसलो होतो. बाई आधी घाबरल्या आणि म्हणून रागावल्या. "तुम्ही आत शिरलात कशा? कुणाकुणाचं बघितलंत?"

"माझ्या वहिनीचं आणि भावाचं. दोघांनी सांगितलं म्हणून. तिसऱ्याचं नाही."

बाईंनी एका कागदावर बघून एक नंबर सांगितला. "हा माझा स्वतःचा. उघडून दाखवा. मी सांगतेय."

छकूने सोबत आणलेला लॅपटॉप उघडला, इअरफोन काढला, आवाजाची गती उतरवली आणि आकडा टाकला. आवाज बाईंचं नाव म्हणाला, वय म्हणाला, आणि तपासणीचं नाव सुरू झालं तोच बाईंनी हात वर केला. छकूला तो दिसणार नव्हता. मीच तिचा दंड दाबला आणि तिने आवाज बंद केला.

"असे किती आहेत मागे?" बाईंनी हळू विचारलं.

"तुम्ही सुरुवात केली तेव्हापासूनचे सगळे असावेत."

बाईंनी फोन उचलला. "वेबसाइट बंद करा. हो, आत्ताच. पूर्ण. लोक ओरडले तर माझ्या नावाने ओरडू देत."

लोक ओरडलेच. कागदी रिपोर्टसाठी रांग जिन्यापर्यंत गेली आणि काउंटरवरची मुलगी मला बघून तोंड फिरवायला लागली. पण बाई मागे हटल्या नाहीत. सगळं नव्याने बांधून झाल्यावर त्यांनीच छकूला बोलावलं. लेखी परवानगी दिली, कामाचे पैसे ठरवले आणि म्हणाल्या, "आता फोडून बघा. जेवढं येतं तेवढं सगळं वापरा."

छकू आत बसली आणि मी बाहेरच्या बाकावर. समोर लोक नंबर लागायची वाट बघत होते. एक म्हातारेबुवा बाही वर करून आधीच तयार बसले होते. एक तरुण पोरगी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती, पण ते वाचत नव्हती. याआधी मी अशा बाकांवर कितीदा बसले असेन, पण समोरच्यांकडे असं कधी पाहिलं नव्हतं. प्रत्येक जण आपल्या आत काहीतरी घेऊन बसला होता, ते त्याचं त्यालासुद्धा अजून माहीत नव्हतं. आणि भिंतीपलीकडे माझी छकू, आयुष्यात ज्यांचा चेहरा बघणार नाही अशा या सगळ्यांच्या दारावर एकेक करून टकटक करत होती.

दुपार कलली तेव्हा ती बाहेर आली. केस विस्कटलेले, तोंड सुकलेलं. भिंतीवर हात टेकवत माझ्यापर्यंत आली आणि माझा खांदा धरला.

"नाही उघडलं, वहिनी," ती म्हणाली. "सगळं करून बघितलं. एकही नाही उघडलं."

तिला हसू आवरत नव्हतं.