कडुनिंबाचं वय

बेबीनंदाबाईंचे गुडघे कामातून गेले होते आणि संडास अंगणाच्या पार टोकाला. घराला लागून कमोडची खोली बांधायची तर मधला कडुनिंब तोडणं भाग होतं. जाफराबादेत आता स्वतःच्या अंगणातलं झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही, म्हणून त्यांनी अर्ज केला. आज पाहणीला नगरपंचायतीचा माणूस यायचा होता.

"आई, झाड पन्नास वर्षांच्या वरचं निघालं तर परवानगी लई अवघड," सून रूपालीनं तिसऱ्यांदा बजावलं. "तुम्ही बिलकुल बोलायचं न्हाई. मी अंदाजे चाळीस सांगते."

"मी कशाला बोलू?" बाई म्हणाल्या. अडतीस वर्षं पोरांना गप्प बसवण्याचा पगार घेतला होता त्यांनी. स्वतः गप्प बसायचं तेवढं शिकायचं राहून गेलं होतं.

आला तो बद्रीनाथ, त्यांचाच जुना विद्यार्थी. "जयभीम बाई," म्हणत त्यानं टेपनं बुंधा मोजला.

"वय?"

"चाळीस असंल," रूपाली म्हणाली.

"म्हंजे पंच्याऐंशीचं. त्याच साली तुम्ही शाळेत लागल्या ना, बाई?"

"पंच्याऐंशी?" बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अरे, मी त्र्याहत्तरला लागले! दोन जुलै, सोमवार. त्या दिवशी शाळेत रोपं वाटली, त्यातलंच हे!"

रूपालीनं कपाळाला हात लावला.

"सन चुकला म्हणून तुम्ही मला बाकावर उभं केल्तं, बाई," बद्रीनाथ खाली मान घालून म्हणाला. "आता चाळीस कसं लिहू?" त्यानं बावन्न लिहिलं, चहा घेतला अन् गेला.

"सोमवारच होता," रूपालीचा चेहरा बघून बाई पुटपुटल्या. पुरावा म्हणून त्यांनी कपाटातून जुनी डायरी काढली. सोमवार बराबर होता. रोपही होतं. पण आठ दिवसांनी त्यांच्याच अक्षरात लिहिलं होतं: 'रोप शेळीनं खाल्लं.' दुसरं रोप लावल्याची नोंद सापडली ती थेट एकोणऐंशीच्या डायरीत.

म्हणजे झाड शेहेचाळीस वर्षांचं! इतकी वर्षं सगळ्या गावाला झाडाची जन्मतारीख ऐकवली, ती शेळीच्या पोटात गेलेल्या रोपाची.

बाई थोडा वेळ गुडघे चोळत बसल्या. मग फोन लावला.

"बद्री, माघारी ये, डायरी बघायला. माझा सन चुकला."

पलीकडून हसू ऐकू आलं. "मंग बाई, बाकावर?"

"उभी राहते," बाई म्हणाल्या. "चढवायला मात्र दोघं लागतील."