शेवाळातलं आयोडीन

हर्णेच्या हायस्कुलात दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या तेजस्वीला पूर्वी नावाच्या विद्यार्थिनीने सोमवारी भर वर्गात अडवलं. फळ्यावर आवर्तसारणीतला सतरावा गट लिहिलेला होता, हॅलोजनांचा. फ्लुओरीन, क्लोरीन, ब्रोमीन, आयोडीन, एकाखाली एक.

"मॅडम, आयोडीन क्लोरीनच्या खाली आहे, म्हणून काय झालं? कागदावर कुणीही कुठेही लिहील."

"उगाच नाही गो लिहिलेलं. क्लोरीन जास्त जोरकस. आयोडीनला त्याच्या क्षारातून हुसकून लावतं आणि जागा बळकावतं."

"दाखवा ना मग!"

वर्ग हसला. दाखवणार कशातून? प्रयोगशाळेतली आयोडाइडची, म्हणजे आयोडीनच्या क्षाराची, बाटली कधीच संपली होती. पण तेजस्वी आता इरेला पेटली.

संध्याकाळी ती आईला, धोंडूबाईला, सुक्या मासळीच्या टोपल्या उचलू लागायला बंदरावर गेली. लाटांनी काठावर तपकिरी शेवाळाचा ढीग आणून टाकला होता. तेजस्वी थबकलीच. समुद्रातलं आयोडीन हे शेवाळ अंगात साठवतं! तिने एक टोपली भरून घेतली.

"अगो, हे कोण खाणार?" धोंडूबाईने विचारलं.

"माझी दहावी!"

हसत हसत का होईना, धोंडूबाईने तीन दिवस सुकत घातलेल्या जवळ्याशेजारी ते शेवाळही वाळवलं, दुपारी स्वतःच्या हाताने उलटंपालटं केलं. मग तेजस्वीने ते पत्र्यावर जाळलं, राख पाण्यात उकळली आणि फडक्यातून गाळून घेतली.

शुक्रवारी सगळ्या खिडक्या उघडून तिने ते नितळ पाणी परीक्षानळीत ओतलं. आम्लाचे थेंब टाकताच ते फसफसलं. त्यात तिने चमचाभर भाताची पेज घातली, कारण मोकळं आयोडीन भेटलं की पेज निळी होते. मग क्लोरीनसाठी ब्लीचिंग पावडरचं पाणी ओतलं.

नळी पांढरीच.

"शेवाळ फुकट गेलं मॅडम," मागच्या बाकावरून हर्षद म्हणाला.

तेजस्वीचे कान तापले. इतक्यात पूर्वी उभी राहिली.

"नाही! क्षणभर निळं झालेलं. मी बघितलं. मग गेलं."

तेजस्वीच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घाईत क्लोरीन फार झालं होतं. सुटलेल्या आयोडीनलाही त्याने मोकळं राहू दिलं नव्हतं, त्याचं बिनरंगी संयुग करून टाकलं होतं.

"पूर्वी, इकडे ये. नवी नळी घे. त्यात तेच पाणी, आम्ल आणि पेज घाल. आता ब्लीचिंगचा एकेकच थेंब टाक."

एक. काही नाही. दोन. नाही. तिसऱ्या थेंबाबरोबर निळी रेघ धुरासारखी खाली उतरली. पूर्वीने नळी हलवली आणि ती दौतीतल्या शाईसारखी गर्द झाली.

"आलं! आलं!" मुलं बाकांवर चढली. "बस, आता टाकू नको!" हर्षदच सगळ्यात मोठ्याने ओरडत होता.

पूर्वी नळी हातात धरून फळ्यावर आजही लिहिलेल्या हॅलोजनांकडे बघत राहिली.

"मॅडम, ब्रोमीन मधे आहे. म्हणजे ते आयोडीनला हुसकेल, पण क्लोरीनपुढे त्याचं चालणार नाही. बरोबर?"

हे तिला कुणीच शिकवलेलं नव्हतं. तेजस्वीने खडू पुढे केला आणि पूर्वी भराभरा बाण काढू लागली.

घंटा होऊन गेली. पुढच्या तासाचे मराठीचे सर दारात येऊन थांबले होते. हर्षदने त्यांना हाताला धरून आत ओढलं, "सर, आधी हे बघा!"