खापर माइकच्या माथी

मित्रांनो, मी एक जुना माइक आहे. जुना आहे, बिघडलेला नाही. माझ्या खोक्यावर ‘नादुरुस्त’ असं लिहिलंय, ते धादांत खोटं आहे.

कारखान्यातून निघालो तो थेट एका सभागृहाच्या मागच्या काचेच्या खोलीत आलो. तिथे दोन दुभाषी बसत, मावशी आणि तिची भाची. समोर कुणी इंजिनियर इंग्रजीत बोलू लागला, की मावशी त्याच्या पाठोपाठ तेच चिनी भाषेत मला सांगे आणि मी ते श्रोत्यांच्या हेडफोनपर्यंत पोचवी. ती अर्थ हाती लागेपर्यंत थांबायची, लांबलचक वाक्याचे तुकडे पाडायची, वक्त्याचं पाल्हाळ खुशाल गाळायची. आकडे मात्र भाचीकडे. इंग्रजीत मोठे आकडे हजारांनी मोजतात, चिनीत दहा हजारांनी. बोलता बोलता हा मेळ घालायला गेलं की शून्य हमखास घसरतं. म्हणून भाची आकडा ऐकताच चिनी पद्धतीने कागदावर मांडून मावशीपुढे सरकवी.

व्यवस्थापकांना काचेतून एवढंच दिसे, की एक बोलते आणि दुसरी नुसती बसते. त्यांनी भाचीला येणं बंद करायला सांगितलं आणि तिची खुर्चीही उचलून नेली. मावशीने पुढच्या कार्यक्रमाचं भाषण आधी वाचायला मागितलं, तर ऐनवेळी ऐकालच की, म्हणाले. माझ्या तारांचा नुसता तिळपापड झाला.

त्या दिवशी विषय होता बॉयलरचा. ऐकायला बसले होते ते बॉयलर चालवणारेच. वक्ता आगगाडी सुटल्यासारखा आकडे वाचत सुटला आणि वाफेचा दाब कितीपर्यंत चालेल, तो आकडा मावशीच्या तोंडून दहापट निघाला. सगळ्यांनी तो लिहूनही घेतला. पुढच्याच वाक्याला मावशीला चूक उमगली.

आमच्या खोलीत दुभाषी ‘मी’ म्हणाली, तरी तो ‘मी’ वक्त्याचा असतो, तिचा स्वतःचा कधीच नाही. मावशीने इतक्या वर्षांत हा नियम मोडला नव्हता. चूक गिळून पुढे गेली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण ती थांबली.

“हे वक्ते नाहीत, मी दुभाषी बोलतेय. दाबाचा आकडा माझ्याकडून चुकला. तो खोडा.”

मग तिने बरोबर आकडा सावकाश सांगितला. सभागृहात पेनं पुन्हा चालली. मला तिचा फार अभिमान वाटला.

कार्यक्रम संपताच व्यवस्थापक तणतणत आले. पाहुण्यांसमोर शोभा झाली, माइक बिघडला होता असं सांगून टाकू, तुमचीही अब्रू राहील, म्हणाले.

मावशी म्हणाली, “माझी अब्रू मी मघाशीच राखली. माइक ठणठणीत आहे. खोलीत एक खुर्ची कमी आहे.”

तरी उपटलं मलाच. आता मी अडगळीत पडून आहे. मित्रांनो, वस्तू जपाच, पण तिच्यामागच्या माणसांना आधी जपा. ते सोपं नसतं म्हणूनच लोक आमच्यावर खापर फोडतात.

काचेच्या खोलीत आता नवाकोरा माइक बसवलाय म्हणे. खुर्ची अजून एकच आहे.