भिंतीखालचं रान

सांडव्यावर पोती रचायला अख्खं गाव लोटलं होतं आणि मी एकटी तिथं उभी राहून भांडत होते. तोंडाळ म्हणून माझी ख्याती आहेच, तिच्यात आणखी भर पडली. पण सांडवा म्हणजे तळ्याचं जादा पाणी निघून जायची वाट. भर पावसाळ्यात ती बुजवायची म्हणजे उतू चाललेल्या दुधावर झाकण दाबून धरायचं. आणि हे कशासाठी, तर परवा मोठे साहेब तळं बघायला येणार होते. ते काठोकाठ दिसलं पाहिजे, असा सरपंचाचा हुकूम होता.

सरपंच म्हणजे माझा धाकटा दीर. मी लग्न होऊन आले तेव्हा त्याचं नाक वाहत असायचं. त्याला न्हाऊमाखू घालून मीच मोठा केला.

आमच्या गावात एक जुनी रीत होती. गावाचा कारभार ज्याच्या हाती, तळ्याच्या भिंतीखालचं रान त्यानं कसायचं. भिंत फुटली तर पहिला तोच बुडणार, म्हणून तो भिंतीशी खेळ करणार नाही. माझे सासरे कारभार बघायचे, तेव्हा पावसाळाभर भिंतीवरच झोपायचे. ते गेले, मागोमाग माझा नवराही गेला. धाकटा सरपंच झाला आणि वाटणीला बसल्यावर म्हणाला, खालचं काळं रान वहिनीला द्या, मी माळावरचं घेतो. माझे डोळे भरून आले. दीर असावा तर असा, म्हणून मी गावभर सांगत सुटले. रीत कुणाला आठवलीच नाही, आणि मलाही नाही.

रान काळं होतं ते काही आपोआप नव्हे. उन्हाळ्याउन्हाळ्यात आटलेल्या तळ्यातला गाळ आम्ही नवराबायकोनं पाट्यांनी वाहून तिथं माती केली. माझ्या टाळूवरचे केस गेले ते त्या पाट्यांपायी. आणि आता त्याच रानाच्या कडेला भिंतीतून गढूळ पाणी पाझरत होतं.

तळ्याचा राखणदार, ज्याला गाव बगळ्या म्हणतं, तोही मान खाली घालून पोती रचत होता. तुला तरी कळतं ना रे, म्हटलं. तर म्हणाला, "कळतं ना वहिनी. पण माझ्या पोराला सरपंचांनीच चिकटवलंय कामाला."

तशीच तरातरा दिराच्या घरी गेले. तो ओसरीवर दाढी करून घेत होता. भिंत पाझरतेय, पोती काढ, म्हणून मी हातापाया पडले. त्यानं शांतपणे समजूत घातली. साहेबांच्या मनात भरलं की त्याला वरची जागा मिळणार होती, आणि तो वर गेला की गावाचं कल्याणच होणार होतं.

"आणि तोवर भिंत टिकली नाही तर?"

"भरपाई देऊ की वहिनी. तुम्हाला का वाऱ्यावर सोडणार आहे?"

"पिकाची देशील रे. मातीची कुठून आणशील?"

न्हाव्याचा वस्तरा थांबला. दिरानं आरशातून माझ्याकडे बघितलं आणि न्हाव्याला म्हणाला, "तू चालू दे."

त्याच दुपारी आभाळ फाटलं. पाणी भिंतीवरून वाहायला लागलं आणि बघता बघता माझ्या रानाच्या डोक्यावरचा कोपरा ढासळला. माणसं, गुरं वाचली, कारण खाली राहतंय कोण? पाणी ओसरल्यावर गेले तर रान नव्हतंच. नुसता मुरूम आणि दगड. नवरा गेला तेव्हाही मी इतकी रडले नव्हते. तेव्हा निदान त्याच्या हातची माती तरी मागं होती.

साहेब ठरल्या दिवशीच आले. तळ्याऐवजी खड्डा बघितला. दीर माझ्या रानात उभा राहून डोळे पुसत म्हणाला, "साहेब, हे आमच्याच घरचं रान. गावाच्या आधी आमचं गेलं."

साहेबांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. असा पुढारी शोधून सापडायचा नाही, म्हणाले. गावानं टाळ्या वाजवल्या.

मी पुढं झाले. म्हटलं, "खरंय साहेब. रीतीनं हे रान सरपंचाचंच. त्याचं त्याला द्या आणि माळावरचं मला द्या."

सगळे आपापल्या पायाच्या अंगठ्याकडे बघायला लागले. "वहिनींच्या मनावर परिणाम झालाय," दीर हळूच म्हणाला, आणि मला सावलीत बसवून पाणी द्यायला लावलं. महिन्याभरात त्याला वरची जागा मिळाली.

मी पुन्हा पाटी घेतली. तळं आता कोरडंच आहे, गाळ हवा तेवढा मिळतो. परवा बगळ्या आला, पाटी उचलू लागतो म्हणाला. म्हटलं, आधी सांडव्यावरची पोती काढ बाबा. गेला बिचारा, घाम गाळून परत आला. एकही पोतं निघेना. भिंत गेली, माझी माती गेली, पण पोती जागची हलली नव्हती. तेवढं काम मात्र गावानं एकजुटीनं आणि पक्कं केलं होतं.