एका माळेचं इंटरनेट

शाळेच्या ग्रंथालयात इंटरनेट आलं, तेव्हा मुलींनी कॉम्प्युटरला हळदकुंकू वाहिलं आणि ग्रंथपाल कालिंदीबाईंनी नियम घातला : एकीला एक माळ.

भिंतीवर घड्याळ नव्हतं असं नाही. पण रोज पहाटे गंगेच्या दुर्गाघाटावर स्नान, मग संकठादेवीचं दर्शन, आणि त्यानंतरच ग्रंथालयाचं कुलूप काढायचं, असा वीस वर्षांचा नेम असलेल्या बाईचा भरवसा काट्यांवर कसा बसावा? तुळशीची माळ, एकशेआठ मणी, रामाचा सावकाश जप. बरोबर दहा मिनिटं. पडद्याचं तोंड त्यांच्या टेबलाकडे. म्हणजे ओठांत राम आणि डोळा मुलींवर. माळ संपली की टेबलावर दोन टिचक्या, आणि खुर्चीतली मुलगी मुकाट उठे.

जप चालू असताना बोललं, तर माळ पुन्हा मेरुमण्यापासून. हा त्यांचा स्वतःचा नियम, सासूबाईंकडून आलेला. घोटाळा झाला तो इथेच.

त्या ऑगस्टात ग्रहण लागलं. दहावीतल्या ईशानीच्या घरी खिडक्या लावून घेतल्या होत्या, आणि उघड्या असत्या तरी आकाश ढगांनी भरलेलं. दुसऱ्या दिवशी आपला श्रावण लागला. गल्लीतल्या हिंदी लोकांचा सावन पौर्णिमेनंतर लागलेला, तो तेव्हा निम्मा सरला होता. ईशानी खुर्चीत बसली आणि तिनं ग्रहणाचं चित्र शोधून काढलं. चित्र वरून खाली, एकेक रेघ करत उतरू लागलं. सूर्याची वरची कड दिसेपर्यंत निम्मी माळ सरली होती.

तेवढ्यात तिची मैत्रीण बकुळ टेबलाशी आली. “बहनजी, सोमवारची कहाणी सांगा ना.”

शाळेत बहनजी, घाटावर काकू. दोन्ही ठिकाणी त्यांना असं कोणी कधी विचारलं नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले. कहाणी सुरू झाली, मधेच थांबली, माळ पुन्हा मेरुपासून. पाच मिनिटांनी पुन्हा बकुळ, “मग राजा काय म्हणाला?” पुन्हा मेरु. तास संपल्याची घंटा झाली तेव्हा वहीत कालिंदीबाईंनी मनोभावे लिहिलं : ईशानी, एक माळ. तरीही चित्र अर्धंच उतरलं होतं.

शुक्रवारीही तेच. मुली धर्माला लागल्या, या आनंदात कालिंदीबाई होत्या, आणि दारात शाळेचे व्यवस्थापक काशीनाथजी उभे. छत्रीतून पाणी गळतंय, कपाळाला आठ्या.

“कालिंदीबाई, घंटाभर फोन लावतोय मी घरून! बिझी, बिझी, बिझी! हे यंत्र ऑफिसातल्याच फोनच्या लाइनवर चालतं ना?”

“मुली नेमानं बसतात, काशीनाथजी. एकीला एक माळ. ही वही बघा.”

“पाऊण तासाची माळ? तुम्ही जपताय की झोपताय?” त्यांनी वही टेबलावर टाकली. “मुली काय बघतात, किती बघतात, पत्ताच नाही. सोमवारपासून हे माझ्या ऑफिसात. कुलपात.”

ऑफिसात गेलेली वस्तू मुलींना परत दिसत नसे. हार्मोनियम तिथेच होती, कॅरमही.

ईशानी उभी राहिली. “बहनजींची चूक नाही. आम्ही त्यांना मुद्दाम बोलायला लावत होतो. माळ लांबावी म्हणून.”

कालिंदीबाईंनी बकुळकडे पाहिलं. “म्हणजे तुला कहाणी ऐकायचीच नव्हती?”

“आधी नव्हती,” बकुळ खाली बघत म्हणाली. “पण राजाचं पुढे काय झालं ते तुम्ही सांगितलंच नाहीत.”

काशीनाथजी खोकले. हसू दाबत होते की काय, कळलं नाही.

“चूक माझीच आहे,” कालिंदीबाई हळूच म्हणाल्या. “लक्ष माझं सुटलं. मला एक आठवडा द्या.”

“दिला. रोज सव्वा अकराला मी फोन लावणार. एकदा जरी बिझी लागला, तर यंत्र उचललं म्हणून समजा.”

सोमवारी कालिंदीबाईंनी माळ बकुळच्या हातात दिली. “आता जप तू कर. पुढचा नंबर तुझा.”

मग काय विचारता! ज्या मुलीची पाळी यायची असते तिच्या हातचा जप. बकुळची माळ चार मिनिटांत संपली.

“बहनजी, ही मणी गाळतेय!” ईशानी ओरडली.

“मी नाही गाळत! तूच बसून राहतेस!”

“सावकाश गं बाई,” कालिंदीबाई म्हणाल्या, “रामाला पळवू नकोस.” मंगळवारी सात मिनिटं, बुधवारी नऊ, गुरुवारपासून दहा. जपणारी मणी सोडत नसे आणि बसणारी क्षण. रोज सव्वा अकराला ऑफिसातला फोन खणखणे आणि कालिंदीबाई जिवावरचं टळल्यासारखा श्वास सोडत.

शनिवारी, शेवटच्या दिवशी, अकरा वाजून पाच मिनिटांनी ईशानी बसली. कोण जाणे कसं, चित्र त्या दिवशी झरझर उतरलं. वरची कड, मग काळी थाळी, तिच्याभोवती पांढऱ्या ज्वाळा. माळेचे मणी संपत आले, आणि चित्र पाऊण झालं होतं. बकुळचं बोट थांबलं. तिनं कालिंदीबाईंकडे पाहिलं.

आणि खरं सांगायचं तर कालिंदीबाईही पडद्याकडेच बघत होत्या. आजवरची सगळी ग्रहणं त्यांनी गंगेत उभं राहून, डोळे मिटून, जपात काढली होती. देव झाकोळतो तो कसा, हे पन्नाशीत पहिल्यांदा दिसत होतं. एक शब्द बोलल्या असत्या, तर माळ पुन्हा मेरुपासून झाली असती. ओठ उघडले होते त्यांचे.

त्यांनी ते मिटले.

बकुळनं शेवटचा मणी ओढला. ईशानीनं कोणाकडे न बघता लाइन तोडली.

दोन क्षणांत पलीकडच्या खोलीत फोन वाजला. शिपाई सीतानं उचलला आणि दारातून ओरडली, “बहनजी, मैनेजर साहब कह रहे हैं, मशीन वहीं रहने दो!”

मुलींनी गिल्ला केला. पडद्यावर पाऊण सूर्य तसाच होता, खालून कापलेला. कालिंदीबाईंनी त्याला हात जोडले.

“सोमवारी सकाळी सातला दोघी या,” त्या म्हणाल्या. “तेव्हा ऑफिसात फोन करायला कोणी जागं नसतं. देवीचं दर्शन घेऊन मी थेट येते. उरलेला बघू.”

“आणि राजा?” बकुळनं विचारलं.

“तोही. पण माळ संपल्यावर.”